पुण्याच्या थंडीत ‘स्किनी लव्ह’: एका गाण्याचे अकरा ट्रॅक घरी रेकॉर्ड करताना

काम सुरू झालं १८ नोव्हेंबर २०२४ला आणि संपलं २१ मार्च २०२५ला. बॉन इव्हेर या अमेरिकन बँडचं ‘स्किनी लव्ह’ हे एकच गाणं. गिटारचे दोन, पायाच्या ठेक्याचा एक आणि आवाजाचे आठ असे अकरा ट्रॅक (वेगवेगळे रेकॉर्ड करून एकत्र जोडलेले थर) पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड केले आणि शेवटी परवाना घेऊन ते रीतसर प्रकाशित केलं. खर्च आला ३४,९२५ रुपये. गिटार आणि लॅपटॉप आधीपासून होते, ते यात धरलेले नाहीत. या कामाची माहिती तुकड्या-तुकड्यांनी मिळते आणि तीही बहुतेक स्टुडिओवाल्यांसाठी लिहिलेली असते. म्हणून जे केलं, जे बिघडलं आणि का बिघडलं, ते क्रमाने लिहून ठेवतो आहे.

आधी या संगीताबद्दल थोडं. बॉन इव्हेरचा गायक-गीतकार जस्टिन व्हर्नन याने २००६-०७च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या, वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये एकट्याने राहून ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’ या अल्बमचा बहुतेक भाग रेकॉर्ड केला. त्याचा आधीचा बँड मोडला होता, नातं तुटलं होतं, आजारपण होऊन गेलं होतं. जुलै २००७मध्ये त्याने तो स्वतःच थोड्या प्रतींत काढला, फेब्रुवारी २००८मध्ये जॅगजॅग्वार या कंपनीने तो सगळीकडे पोचवला. नऊ गाणी, ३७ मिनिटं; ‘स्किनी लव्ह’ त्यातलंच. बँडचं नाव ‘चांगला हिवाळा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आलं आहे. या गाण्यांत व्हर्नन आधी नुसते अर्थहीन उच्चार चालीवर गात असे आणि मग ते उच्चार पुन्हा पुन्हा ऐकून त्यांतून शब्द शोधत असे. त्यामुळे कित्येक ओळींचा अर्थ नेमका सांगता येत नाही आणि तरी घसा दाटून येतो.

हे कशाने होतं, हा प्रश्न कित्येक वर्षं मनात होता. हे काम केल्यावर त्याचं निम्मं तरी उत्तर हाताला लागलं. त्या गाण्यांत ऐकू येणारा आवाज एकाच माणसाने पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक रचलेला आहे आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा केसभर वेगळा आहे. दिंडीत वीस जण एकच अभंगाची ओळ म्हणतात तेव्हा कुणी अर्धी मात्रा आधी सुटतो, कुणाचा सूर किंचित खाली असतो, आणि त्या फरकांनीच तो आवाज भरून येतो. तसंच हे. म्हणून खाली जे काही लिहिलं आहे त्यात एक नियम सगळीकडे पाळला आहे: कुठलाही थर कॉपी-पेस्ट करायचा नाही, प्रत्येक थर नव्याने गायचा.

सगळ्यात आधी, १८ नोव्हेंबरला, पत्र पाठवलं. मूळ इच्छा हे गाणं मराठी शब्दांत गायची होती. चाल तीच ठेवून शब्द बदलले तर कायद्याने ते कव्हर (दुसऱ्याचं गाणं आहे तसंच पुन्हा गाणं) राहत नाही, रूपांतर होतं, आणि त्याला रचनेचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्या प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. अमेरिकेतला कव्हरचा सक्तीचा (हक्कधारकाला नाकारता न येणारा) परवाना मूळ चाल किंवा रचनेचं मूळ स्वरूप बदलायला मुभा देत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१ सी, जे २०१२च्या दुरुस्तीत आलं, तेही तांत्रिक गरजेपलीकडचे बदल करू देत नाही. प्रकाशक कोण हे आस्कॅप आणि बीएमआय या रचनाकारांचे हक्क सांभाळणाऱ्या अमेरिकन संस्थांच्या ‘साँगव्ह्यू’ या मोफत शोधात गाण्याचं आणि लेखकाचं नाव टाकलं की सापडतं. पत्रात मूळ गाण्याचं नाव, लेखकाचं नाव, मराठी शब्द, त्यांचा ओळीगणिक इंग्रजी अर्थ, किती प्रती किंवा कोणत्या ऑनलाइन सेवांवर, आणि पैसे मिळवण्याचा हेतू आहे की नाही, इतकं द्यावं लागतं. चौथ्या दिवशी पोच मिळाली, त्यापुढे काही नाही. सात आठवड्यांनी स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा फक्त पोच. तुमचाही असा विचार असेल तर हे पत्र पहिल्याच दिवशी पाठवा. बाकीची सगळी कामं मिळून जेवढा वेळ जात नाही तेवढा या एका उत्तराची वाट बघण्यात जातो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मराठी शब्द बाजूला ठेवले आणि मूळ इंग्रजी गाणं करायचं ठरवलं.

पत्राची वाट बघताना तारांचं काम चालू होतं. ‘स्किनी लव्ह’साठी गिटार नेहमीसारखी लावत नाहीत. जाड तारेकडून बारीक तारेकडे सी, जी, ई, जी, सी, सी. हे इंग्रजीत वाचलं की लक्षात ठेवायला अवघड वाटतं. पांढरी एकचा षड्ज धरला तर हेच सा, प, ग, प, सा, सा होतं. शेवटच्या दोन तारा एकाच सुरात, तंबोऱ्याच्या जोडीसारख्या. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप पांढरी एकला लावून ठेवलं की गिटार कानानेच जुळवता येते.

तारांवरचा ताण मात्र यात फार असमान होतो आणि पहिली अडचण तिथेच येते. तीच तार त्याच लांबीवर असताना ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहावी (सगळ्यात जाड) तार ८२.४ हर्ट्झवरून ६५.४वर उतरते, म्हणजे ताण ३७ टक्के कमी. पहिली ३२९.६वरून २६१.६वर, तीही ३७ टक्के कमी. पाचवी दोन अर्ध्या सुरांनी उतरते, २१ टक्के कमी. चौथी मात्र दोन अर्ध्या सुरांनी चढते आणि तिचा ताण २६ टक्के वाढतो, दुसरीचा १२ टक्के. नेहमीच्या ०.०१२ ते ०.०५३ इंचाच्या संचात याचा परिणाम असा होतो की पहिली आणि सहावी तार सैल पडून पडद्यांवर खडखडते आणि चौथी तुटायला येते. ती खडखड पहिल्यांदा तंबोऱ्याच्या जवारीसारखी, म्हणजे झणकारासारखी भासते, पण रेकॉर्डिंगमध्ये नुसती धातूची किरकिर ऐकू येते.

उपाय तार बदलणं हाच. पहिल्या जागी ०.०१२ऐवजी ०.०१४ची सुटी तार घेतली. जाडीच्या वर्गाने ताण वाढतो, त्यामुळे पूर्वीच्या ८६ टक्क्यांपर्यंत तो परत येतो. दुसऱ्या तारेसारखी ०.०१६ लावण्याचा मोह होतो, पण ०.०१२साठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत ती अडकते, खुंटी फिरवली की आधी काहीच होत नाही आणि मग ‘टिक’ करून एकदम चढते. ०.०१४ सहसा बसते. तरी अडकलीच तर खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासायचं. सहावी ०.०५६ची घेतली. चौथी ०.०३२ तशीच ठेवली, पण ती सुरात नेताना एका दमात न नेता अर्धा सूर चढवायचा, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा अर्धा. आणि क्रम महत्त्वाचा: ज्या उतरवायच्या त्या पहिली, पाचवी, सहावी आधी उतरवायच्या, मग चौथी आणि दुसरी चढवायच्या. उलट केलं तर काही मिनिटं गिटारच्या मानेवर आणि घोडीवर नेहमीपेक्षा जास्त ओढ राहते. दोन संच १,७०० रुपये, सुट्या तारा २६०, आणि मानेचा बाक तपासून घोडीची उंची नीट करून घेण्याचे दुरुस्तीवाल्याने ८०० घेतले. नव्या सुरात लावूनच गिटार त्याच्याकडे न्या. नेहमीच्या सुरात लावून केलेली दुरुस्ती या सुरावटीत उपयोगाची राहत नाही.

चौथ्या तारेचा गंधार हा एक वेगळा विषय आहे. तंबोऱ्याला ऐकून लावला तर तो ट्यूनरच्या आकड्यापेक्षा १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली बसतो आणि उघड्या तारा छेडल्या की इतका गोड लागतो की हात काढवत नाही. पण गाण्यात ए मायनर हा स्वरमेळ येतो. तिथे धैवत हा घटकाभरचा षड्ज होतो आणि हाच गंधार त्याचा पंचम. पडद्यावरचा धैवत समान स्वरांतराच्या हिशेबाने बसवलेला असतो, त्यामुळे तो पंचम १६ सेंट उतरलेला निघतो आणि स्वरमेळ आंबट लागतो. दोन आठवडे दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. शेवटी गंधार ट्यूनरपेक्षा ५ सेंट खाली ठेवला. दोन्हीकडे थोडं सोसावं लागतं, पण कुठेच टोचत नाही. शेवटच्या दोन सा मात्र अगदी एक करू नयेत. त्यांत ३ सेंटचा फरक ठेवला की साधारण दोन सेकंदाला एक मंद हेलकावा येतो. गाण्याच्या सुरुवातीच्या छेडींत हा हेलकावा फार जीवघेणा लागतो.

डिसेंबर सरावात गेला. त्यात लिहिण्यासारखं एकच. पुण्याची डिसेंबरची हवा दुपारी बरीच कोरडी होते, लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं बोटांना लागायला लागतात. साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा घालायचा, डबी गिटारच्या पेटीत ठेवायची आणि दर तीन दिवसांनी स्पंज ओला करायचा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. पावसाळ्यात उलटं होतं, वरची पट्टी फुगते आणि तारा उंच होतात.

रेकॉर्डिंगसाठी जानेवारी निवडला, आणि त्याला पंखा हे कारण आहे. आपल्याकडे घरच्या रेकॉर्डिंगचा मोठा शत्रू छताचा पंखा आहे. तो बंद ठेवून दार-खिडक्या लावून तास-दीड तास बसता येईल अशा रात्री पुण्यात डिसेंबरच्या मध्यापासून जेमतेम दोन महिने मिळतात. केबिनमधल्या बर्फाशी त्याची तुलना नको, पण आपला चांगला हिवाळा हाच.

वापरलेला शुअर एसएम५७ मायक्रोफोन ६,५०० रुपयांना मिळाला. मूळ अल्बमही याच साध्या, स्टेजवरच्या माइकवर झाल्याचं सांगितलं जातं. एका माइकचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) ११,२००, स्टँड आणि केबल १,४५०, कान पूर्ण झाकणारे तारेचे हेडफोन ३,९००. ब्लूटूथ हेडफोन इथे अजिबात चालत नाहीत, आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि आपण आपल्याच मागे गात राहतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर घेतलं. ते ६० दिवस पूर्णपणे वापरून बघता येतं, नंतरचा परवाना ६० डॉलरचा. बँकेचं परकी चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून ५,४०० रुपये कापले गेले. गाताना माइकवर येणारी फुंकर अडवायची जाळी विकत न घेता भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा मोजा ताणून केली, ११० रुपयांत.

एसएम५७ मजबूत आहे, पण हळू आवाजाला तो फार कमी विद्युतदाब देतो. फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या आवाजाच्या वरचा पातळ आवाज, हळूच गायचा असतो, त्यामुळे इंटरफेसची गेनची (आवाज वाढवायची) कळ शेवटाकडे जाते आणि मागे ‘श्श’ असा सूर लागतो. एका थरात तो कळत नाही, आठ थरांत मात्र पावसासारखा होतो. असे आठ वेगवेगळे आवाज एकत्र आले की पातळी सुमारे ९ डेसिबलने वाढते, आणि तेवढाच तो ‘श्श’ही वाढतो. म्हणून मुख्य आवाज माइकपासून १० सेंटिमीटरवरच गायचा. पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, रेकॉर्डिंग २४ बिटचं ठेवायचं. मागचे थर ४० सेंटिमीटरवरून, पण जरा मोकळ्या आवाजात. अंतर वाढलं की तो थर आपोआप मागे जाऊन बसतो, नंतर कुठल्याही बटणाने हे इतकं नीट होत नाही.

खोलीसाठी तीन गोधड्या लागल्या. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर त्या टाकून गाणाऱ्याच्या पाठीमागे व्हीच्या आकारात उभ्या केल्या. बरेच जण त्या माइकच्या मागे लावतात. हा माइक मागून कमी ऐकतो आणि समोरून जास्त. त्याच्या समोर गाणारा असतो आणि गाणाऱ्याच्या मागे भिंत. आवाज त्या भिंतीवरून उलटून येतो, म्हणून गोधडी तिथे हवी.

रेकॉर्डिंगची वेळ रात्री साडेअकरा ते दीड. फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी किल्ली शोधताना फ्रिज चालू करायचा राहिला असेल तर लगेच कळतं. पाच वाजता सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू होते, त्याआधी सगळं आटपलेलं असलं पाहिजे. पायाचा ठेका मात्र रात्री करता येत नाही. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूड (२५० रुपये), खाली दुमडलेली सतरंजी, माइक ३० सेंटिमीटरवर, पाय अनवाणी. गिटार झाल्यावर एका रविवारी दुपारी, खालच्या मजल्यावर आधी सांगून हे वीस मिनिटांत झालं.

गिटार १४ ते १७ जानेवारी. माइक बाराव्या पडद्यासमोर, २० सेंटिमीटरवर, थोडा मानेकडे वळवलेला. भोकासमोर ठेवला की खालचा सा घुमतो आणि बाकीचं सगळं त्याखाली दबतं. नव्याकोऱ्या तारा फार चमकतात आणि बोटं सरकताना कर्कश किंचाळतात. आठ-दहा दिवस वाजलेल्या तारा या संगीताला बऱ्या. दर दोन टेकनंतर सूर तपासायचा, कारण हाताच्या उबेने तारा उतरतात आणि वाजवणं थांबलं की पुन्हा चढतात. दुसरी गिटारही पहिलीची प्रत न करता पुन्हा वाजवली, फक्त प्लेक्ट्रमऐवजी (तारा छेडायच्या पट्टीऐवजी) अंगठ्याने.

मोठी चूक झाली ती मेट्रोनोमची. पहिले दोन दिवस गिटार टिकटिकीवर वाजवली. हिशेब अचूक, आणि गाणं मेलेलं. या गाण्यात अंतऱ्याकडे जाताना लय जराशी पुढे झुकते आणि ओळीच्या शेवटी सैल पडते. टिकटिक ते होऊ देत नाही. दोन्ही दिवसांचं काम काढून टाकलं. मग गिटार वाजवत वाजवतच हळू गायलो, नुसता मार्गदर्शक आवाज म्हणून, मेट्रोनोमशिवाय. पुढचे सगळे थर त्यावर चढवले. यात एक अडचण येते. जिथे सगळं थांबून पुन्हा सुरू होतं तिथे कुठे उचलायचं हे नंतरच्या थरांना कळत नाही. त्यासाठी प्रत्येक अशा जागी मार्गदर्शक ट्रॅकवर चार टिचक्या वाजवून ठेवायच्या. शेवटी तो ट्रॅक बंद होतो, टिचक्या कुणाला ऐकू येत नाहीत.

आवाजाला २० जानेवारी ते ८ फेब्रुवारी लागले. दिवसाला पाऊण तासाच्या वर फॉल्सेटो गायचा नाही. घसा दुखत नाही म्हणून माणूस पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी वरचे सूर नुसती हवा होतात. सगळे थर दिवसाच्या एकाच वेळी गायचे. सकाळचा आवाज जाड असतो, सकाळचा थर रात्रीच्या थरांशेजारी परका वाटतो. आठ थरांची वाटणी अशी केली: मध्यभागी एक मुख्य आवाज, त्याच चालीचे चार फॉल्सेटो, दोन खालच्या सप्तकातले, आणि एक वरच्या तिसऱ्या सुराचा, जो फक्त ध्रुवपदात येतो.

थरांत बिघडतात ती व्यंजनं. आठ जणांनी आठ क्षणी ‘स’ किंवा ‘ट’ म्हटलं की शेंगदाणे सांडल्यासारखं वाजतं. म्हणून कडक व्यंजनं फक्त मुख्य आवाजाने म्हणायची. बाकीच्या थरांत ‘स’ अर्धाच, शब्दाच्या शेवटचा ‘ट’ आणि ‘क’ गाळायचा, स्वर मात्र पूर्ण. एकेकटा थर ऐकला तर बोबडा वाटतो. सगळे मिळून शब्द स्वच्छ ऐकू येतो. श्वासही तसाच, एका थरातला ठेवायचा, बाकीच्यांतले कापायचे. आणि इथे हे संगीत आतून कसं बनलं आहे ते कळतं. शेवटची व्यंजनं गेली की उरतो तो जवळजवळ नुसता आकार-ओकार, व्हर्ननने शब्दांच्या आधी गायलेल्या त्या उच्चारांसारखा. चौथा थर गाताना अर्थाकडे लक्ष राहत नाही, आणि नेमका तोच थर सगळ्यात हलवून टाकणारा निघाला.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरलं नाही. फक्त ज्या सुराला कान आक्रसले ती ओळ पुन्हा गायली. दोन ठिकाणी कंटाळून थर कॉपी करून १५ मिलिसेकंद सरकवून पाहिला. हेडफोनमध्ये छान रुंद वाटला. मोबाइलच्या एका स्पीकरवर लावल्यावर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. कारण एकच लहर स्वतःशीच उशिरा मिसळली की दर ६७ हर्ट्झला एक खळगा पडतो. दोन्ही ओळी पुन्हा गायल्या.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांत जुळवायला, दोन आठवडे गेले, पण सांगण्यासारखं थोडंच. सगळ्या आवाजांतलं १२० हर्ट्झच्या खालचं कापलं, जवळून गायल्याने आलेली २५० हर्ट्झच्या आसपासची सूज ३ डेसिबल कमी केली. मुख्य आवाज मध्ये, फॉल्सेटो डावी-उजवीकडे ४० आणि ८० टक्क्यांवर, खालचे दोन २० टक्क्यांवर. सगळ्यांना मिळून एकच रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम), १.८ सेकंदांचा. प्रत्येकाला वेगळा दिला तर आठ वेगवेगळ्या खोल्या ऐकू येतात. फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे कोकीळ सुरू झाली. त्यानंतर एखादी ओळ बदलावीशी वाटली तरी खिडक्या लावून उपयोग नव्हता.

३ मार्चपासून कागदपत्रं. आपल्याकडच्या कलम ३१ सीनुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटली की कव्हर करता येतं, पण आगाऊ सूचना द्यावी लागते आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. कंपनीला ते परवडतं, घरी बसून एक गाणं करणाऱ्याला नाही. गाणं सेवांवर पोचवणाऱ्या ऑनलाइन वितरकाकडून जायचं तर वर्षाचे २,२६५ रुपये, आणि कव्हरच्या अमेरिकेतल्या परवान्याचे दर गाण्याला वर्षाचे १२ डॉलर, म्हणजे १,०९० रुपये. हा परवाना रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा असतो. मूळ रेकॉर्डिंगमधला एक सेकंदही वापरायची मुभा त्यात नसते. गाण्याला रेकॉर्डिंग ओळखण्याचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक वितरकच देतो.

अर्ज भरताना मूळ गाण्याचं नाव जसंच्या तसं, लेखकाच्या रकान्यात मूळ रचनाकाराचं खरं नाव आणि गायकाच्या रकान्यात फक्त आपलं. शीर्षकात ‘अमुक बँडच्या शैलीत’ किंवा मूळ बँडचं नाव घातलं की अर्ज परत येतो. माझा एकदा आला आणि सहा दिवस गेले. मुखपृष्ठावर बँडचा फोटो किंवा मूळ अल्बमचं चित्र नको. प्रकाशनाची तारीख किमान तीन आठवडे पुढची निवडा. मी १८ दिवस ठेवले होते, त्यातले सहा या परत येण्यात गेल्यावर फार धाकधूक झाली.

२१ मार्चला गाणं आलं. त्याच दिवशी यूट्यूबवर रचनेच्या हक्कांचा दावा लागल्याची मेल आली. पहिल्यांदा असं पत्र बघून छातीत धस्स होतं, पण हा दावा म्हणजे स्ट्राइक (यूट्यूबचा नियमभंगाचा ठपका) नव्हे. चाल ओळखली गेली आहे आणि व्हिडिओची जाहिरातीची रक्कम रचनाकाराच्या बाजूला जाईल, एवढाच त्याचा अर्थ. ती तशीच जायला हवी. ‘आक्षेप घ्या’ हे बटण दाबू नका, आक्षेप फेटाळला गेला तर मात्र प्रकरण स्ट्राइकपर्यंत जाऊ शकतं.

पुढच्या आठवड्यात गिटार नेहमीच्या सुरात आणली. या वेळी क्रम उलटा: चौथी आणि दुसरी आधी उतरवल्या, मग पाचवी आणि सहावी चढवल्या. सहावी ०.०५६ची असल्याने वरच्या सुरात जास्त ओढते, ती बदलून ०.०५३ लावली. पहिलीची ०.०१४ काढून गुंडाळून पेटीत ठेवली आहे, मराठी शब्दांच्या वहीशेजारी. प्रकाशकाला तिसरं पत्र १ एप्रिलला गेलं.